तिला तोंड लावू नको

“अय्, तोंड लावू नको तिला. नळ बाहेर हाय.”

मुलांनो, हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. सौम्य केलेलं नाही.

‘ती’ म्हणजे छागल. कातड्याची पाण्याची पिशवी. व्यापारी संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्यात, बैठकीच्या खिडकीला पाण्याने भरून टांगलेली. ती शिवली होती नानाने. नाना माझा थोरला भाऊ, तुमच्या आईचा मामा. आणि तहान नानालाच लागली होती.

क्रमाने सांगते.

आम्ही चांभार. तुमच्या पासपोर्टावर हे कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. बीडची छागल आमच्या गल्लीतल्या घरांनी शिवली. उन्हाळ्यात बैलगाडीला बांधायची, पाणी दिवसभर गार. माझे वडील नेकनूरच्या बाजारात विकायचे. गिऱ्हाईक आधी बजावायचं, “पेला न्हाईस ना रे हिच्यातून?” कातड्यातलं पाणी त्यांना चालायचं. शिवणाऱ्याचं तोंड चालायचं नाही.

मी शिकले. इंग्रजीची शिक्षिका झाले. पंचवीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत कोणी विचारलं की सांगायची, वडिलांचं दुकान होतं. कसलं, ते सांगत नसे.

मग बाजार उघडले. प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. शहरांतल्या मोठ्या दुकानांत रेक्झिनच्या नकली पिशव्या ‘बीडची छागल’ म्हणून शोभेसाठी विकल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास भौगोलिक मानांकनाचा कायदा आला. वस्तू ज्या भागाची, त्या भागाचं नाव बाहेरच्या कोणी वापरायचं नाही. अध्यक्षांच्या व्यापारी संस्थेने अर्ज करायचं ठरवलं. अर्ज इंग्रजीत हवा होता. मला बोलावणं आलं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. आनंदाने गेले, हेही लिहिते.

मला खुर्ची मिळाली. शेजारी मुंबईहून आलेले सल्लागार. नाना दाराशी, चपलांजवळ, जमिनीवर. अध्यक्षांनी छागलीतलं पाणी पेल्यांत ओतलं. सल्लागार प्यायले. “वा! फ्रिज मागे पडला!” माझ्याही पुढे पेला आला. मी प्यायले.

अर्जात बनवण्याची पद्धत लागते. नाना सांगत होता, मी लिहीत होते. कातडं कुठलं. बाभळीच्या सालीत किती दिवस. टाका किती जवळ. मे महिना. तासभर बोलून त्याचा आवाज बसला. तो उठला आणि खिडकीकडे हात केला.

तेव्हा अध्यक्षांचं ते वाक्य आलं. पाठोपाठ हसणं. “शिवणाराच पेला तर पाव्हण्यानं काय प्यावं रे?”

नानाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे पेल्याकडे. अर्धा भरलेला होता. मी मान खाली घातली आणि ‘बाभळीची साल’ याला इंग्रजी शब्द शोधू लागले.

तो बाहेर गेला. आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही.

परत आला. ओठ कोरडे. “पेलो,” म्हणाला. “लिही बाई, म्होरं.”

शेवटच्या टाक्याआधी वादी, म्हणजे शिवायची कातड्याची बारीक पट्टी, कशात तरी भिजवतात. तिथवर आम्ही पोचलो होतो. तेवढ्यात सल्लागारांनी मध्येच एक कागद सरकवला. प्रतिज्ञापत्र. ही संस्था कारागिरांची प्रतिनिधी आहे, त्यांचं हित जपते, असं त्यात लिहायचं होतं. खाली कारागीर म्हणून नानाची सही आधीच घेतलेली. कोऱ्या कागदावर.

मी पेन ठेवलं.

“हे खरं नाही. मी लिहिणार नाही.”

“बाई, शब्दशः कशाला घेता? फॉर्म्यालिटी असते,” सल्लागार म्हणाले.

“संस्थेत आमच्यातलं एक तरी नाव दाखवा.”

अध्यक्ष हसायचे थांबले. “इंग्रजी येतं म्हणून खुर्ची दिली. न्हाईतर तुमची जागा कुठं हाय, म्हाईत हाय न्हवं?”

“माहीत आहे. नळापाशी.”

मी लिहिलेली पानं आणि तो सहीचा कागद पर्समध्ये घातला. पेला उचलून नानापुढे धरला.

“आता नगं,” तो म्हणाला.

मी बाहेर पडले. नाना उठला नाही. मला वाटलं होतं, उठेल.

अर्ज गेला नाही. पुढच्याच आठवड्यापासून नानाला कातडं मिळेना. कोण देत नाही, का देत नाही, कोणी सांगेना. तो माजलगावला साखर कारखान्यात वॉचमन लागला. एकदा मला म्हणाला, “तू खुर्ची सोडलीस, पगार न्हाई सोडलास. माजी आरी गेली.”

तो वारण्याआधी मी त्याला ती उरलेली पायरी विचारली. वादी कशात भिजवायची? भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “त्या दिशी तुज्या म्होरं गिलास व्हता.”

सांगितलं नाही. गल्लीतली दोन घरं अजून शिवतात. त्यांना सांगून गेला. मला नाही. बरोबर केलं.

मानांकनाचे अर्ज सरकारी नियतकालिकात छापतात. छापल्यावर ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. मी प्रत्येक अंक मागवते, पहिल्या पानापासून वाचते, तारीख घालून फाईल करते. छागलीचा अर्ज त्या दोन घरांच्या नावाने आला, तर इंग्रजी माझं, फुकट. दुसऱ्या कोणाच्या नावाने आला, तर हरकत माझी. मी नसले तर तुमची. फाईल कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

हरकतीचा मसुदा तयार आहे. पहिलं वाक्य हे: ही छागल शिवणाऱ्याला तिच्यातलं पाणी नाकारलं गेलं, तेव्हा मी त्याची बहीण समोर बसून तेच पाणी पीत होते.

ते वाक्य कोणी खोडायचं नाही.