नदीकाठी थांबलेला ठिपका

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. कळमनुरीच्या बाजारात मोबाईलचं एक दुकान आहे. त्याच्यासमोर आलो की पाय आपोआप रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वळतात. मी तेव्हा फौजदार होतो. पस्तिशीच्या आतच राजीनामा दिला, म्हणून स्वतःला निवृत्त म्हणवून घेताना लाज वाटते. पण का दिला, ते सांगायलाच हवं.

तालुक्यातल्या एका तांड्यावर पासपोर्टच्या पडताळणीला गेलो होतो. हे काम एरवी हवालदाराचं; त्या दिवशी माणसं बंदोबस्तात अडकलेली. पोरगा पदवीधर, गुन्हा नाही, शेजाऱ्यांचे जबाब चांगले. हिंगोलीच्या एका एजंटाने त्याला बँकॉकमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी लावून दिली होती. ती कंपनी खरी आहे का, हे बघायचा रकाना माझ्या फॉर्मात नव्हता. म्हणून मी बघितलं नाही.

चहा आला. पोराची मोठी बहीण अंगणवाडीत काम करायची. तिने विचारलं, "साहेब, तिकडं फोनला कोणतं सिम घ्यावं? दुकानवाले चाचा म्हणून राहिले, इ-सिम घ्या अन् आशियातल्या सगळ्या देशांत चालंल असं घ्या."

मी हसलो. "हा थायलंडला चाललाय ना? मग चीन-जपानच्या डेटाचं काय लोणचं घालायचंय? एका देशाचं घ्या. स्वस्त पडतं."

आमच्याकडे वर्दीतल्या माणसाला लोक बियाण्याचं विचारतात, सोयरिकीचं विचारतात, दुखण्याचं विचारतात. आणि तो 'मला ठाऊक नाही' असं कधी म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. त्यांनी थायलंडपुरतं सिम घेतलं.

इ-सिमला कार्ड नसतं. कोड स्कॅन केला की ते फोनच्या आतच बसतं. खरेदी चाचांच्या खात्यावरून झाली, त्यामुळे डेटा किती वापरला ते त्यांना दुकानात बसून दिसायचं. पोरगा कुठे आहे ते बहिणीच्या फोनमधल्या नकाशावर दिसावं, ही सोयही त्यांनीच करून दिली.

पोरगा गेला. चौथ्या दिवशी बहीण ठाण्यात हजर. ठाणे अंमलदार म्हणाला, "बाई, पोरगं बँकॉकात मजा करून राहिलं असंल. येईल फोन."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. फोन माझ्या टेबलावर ठेवला. "उतरल्याबरोबर बोलला व्हता, साहेब. गाडीतल्या माणसानं त्याचं इकडचं सिम काढून घेतलं, कंपनीचं देतो म्हणून. हे आतलं त्या माणसाला दिसलं न्हाई. मंग नकाशावरचा ह्यो ठिपका चालू लागला. दिवसभर चालला. अन् हितं थांबला."

ठिपका बँकॉकपासून फार लांब, सरहद्दीच्या नदीवर होता. पलीकडे म्यानमार. आणि त्याच सकाळी पोराच्या फोनवरून निरोप आला होता: 'बँकॉकमध्ये कामावर लागलो. काळजी नको.'

बेपत्ताची नोंद घेतली, चाचांना जबाबासाठी बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला आणि खातं उघडून दाखवलं. "देखो साब, सिम बराबर हाय. मुदत बाकी, अर्ध्याहून जास्त डेटा बाकी. ठिपका थांबला तवापासून कणभर डेटा जळला न्हाई. तरी निरोप आला, म्हंजे फोन चालू हाय, दुसऱ्याच्या वायफायवर, अन् ठिकाण दावायचं कुणीतरी बंद करून टाकलंय. सिम न्हाई संपलं साब. सिमची हद्द संपली."

एजंटाला उचलून आणलं. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. खोटं बोलणारा माणूस विचारायच्या आधी कागद काढतो, यानेही काढले. कंपनीचं पत्र, हॉटेलची पावती, सगळं बँकॉकचं. मी फाईल बंद केली आणि नकाशा पुढे ठेवला. नदी बघून त्याने फाईलवरचा हात काढला. मग बोलला. पलीकडे कुंपणाच्या आत पोरं कोंडतात, त्यांच्याकडून फोनवर लोकांना लुबाडण्याचं काम करून घेतात, पासपोर्ट आधीच काढून घेतात. आणखी तीन पोरांची तिकिटं त्याच्याच फाईलमध्ये होती. ती पोरं वाचली.

मी विचारलं, "एकाच देशाचं सिम घ्यायला तू शिकवत होतास का रे?"

तो चक्क हसला. "मी काहून शिकवू? पोरगं सांगत व्हतं, फौजदार साहेबांनीच सांगितलं म्हणून. लई सोय झाली, साहेब."

खोलीत हवालदार होता. त्याने मान खाली घातली.

गुन्हा दाखल झाला, अहवाल वर गेला. वरून पत्र आलं: पीडिताचं नेमकं ठिकाण कळवा. पलीकडे अशी कुंपणं कितीतरी. आशियाचं सिम असतं तर ठिपका नदी ओलांडून दारापर्यंत गेला असता. मी त्या रकान्यात 'नदीकाठ' लिहिलं. यापुढे लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. महिन्याभराने निरोपही थांबले. पोरगा आजतागायत परत आलेला नाही.

मी वर्दी उतरवली. कॉलेजात असताना पत्रकं वाटायचो, आता पुन्हा पत्रकं काढू लागलो. शिकलेल्या पोरांना इथे काम नाही, एजंटांना कुणी हात लावत नाही, पडताळणी म्हणजे नुसत्या सह्या. सगळं खरं लिहिलं, ठणकावून लिहिलं, आणि बाजारात उभा राहून वाटलं.

एका बाजाराच्या दिवशी ती बहीण आली. पत्रक हातात घेतलं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"एजंट हाय, सरकार हाय," ती म्हणाली. "साहेब, ह्यात तुमी कुटं हाय?"

तिने घडी घालून पत्रक मला परत दिलं. चढ्या आवाजात दुसऱ्यांकडे बोट दाखवणं किती सोपं असतं, ते त्या प्रकरणाने मला शिकवलं. पडताळणीला गेलो तेव्हा मी फक्त 'मला ठाऊक नाही, चाचांना विचारा' एवढंच म्हणायला हवं होतं.

आता पत्रकाची पहिली ओळ बदलली आहे: 'तो सल्ला मी दिला होता.' ती बहीण अजून बाजाराला येते, चाचांच्या दुकानात जाते. चाचा खातं उघडून दाखवतात. सिमची मुदत कधीच संपली. डेटा तेवढाच बाकी आहे.