कॅन्टीनच्या दाराचा दोरा

"काहीतरी गोम शे." तिकीट हातात आलं की नाना आधी हे म्हणायचे. मग ते उजेडाकडे धरायचे, उलटं करून बघायचे, एकदा तिकिटाकडे आणि एकदा माणसाच्या तोंडाकडे बघायचे आणि मगच फाडायचे. समोरचा बिचारा बायकापोरांना घेऊन आलेला असला तरी चोरी पकडल्यासारखा घामाघूम व्हायचा.

धुळ्यातल्या आमच्या टॉकीजचे ते डोअरकीपर. मी आतल्या कॅन्टीनमध्ये भजी तळायची. संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील, प्रत्येक गल्लीत एक असतंच. पण आमच्या नानांची सर कुणाला यायची नाही.

त्यांचा सख्खा जावई लग्नानंतर पहिल्यांदा मुलीला घेऊन सिनेमाला आला होता. अंगाची हळदही उतरली नव्हती. नानांनी दारात हात आडवा धरला.

"तिकीट दखाड."

जावई हसला. "मामा, मी आहे."

"जावई घर. आठे तिकीट."

पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, "नाना, अहो काही लाज?" तर म्हणतात, "आज याले सोडा, उद्या बठ्ठं गाव जावई व्हई." शेवटी जावयानं मुकाट्यानं खिडकीवर जाऊन दोन तिकिटं काढली. तीसुद्धा नानांनी उजेडाकडे धरून बघितली.

माझ्यावर तर त्यांचा खास डोळा. कॅन्टीनला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार होतं. त्या दारानं मी ओळखीपाळखीची माणसं फुकट आत घेते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून शो सुरू व्हायच्या आधी ते त्या दाराच्या कडीला पांढरा दोरा बांधायचे, आणि शो सुटला की तुटलाय का ते बघायला यायचे. असा राग यायचा मला!

"नाना, मी काय चोर आहे का हो?"

"तू नही अक्का. लोके चोर शेतस."

दोरा कधी तुटलेला नसायचा. पण म्हणून त्यांचं समाधान होईल तर शपथ. दोऱ्याकडेही ते संशयानंच बघायचे.

पुढे गर्दी कमी होत गेली. आधी बाल्कनी बंद झाली, मग सकाळचा शो. नव्या सिनेमाच्या पहिल्या दिवशीसुद्धा खुर्च्यांवर कबुतरं. जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. घरबसल्या सिनेमा बघायला मिळतोय तर इथं ढेकणांच्या खुर्चीत कोण येऊन बसणार? आम्हाला सगळ्यांना ते कळत होतं. नानांना कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

"एवढं मोठं धुळं. लोके जातंस कोठे?" ते मला विचारायचे. "काहीतरी गोम शे. येतंस, पन तिकीट काढतंस नही."

आणि रिकाम्या हॉलमध्ये बॅटरी घेऊन खुर्च्यांखाली वाकून बघायचे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कॅन्टीनच्या दाराला आता ते दुहेरी दोरा बांधायला लागले. सुरुवातीला मी पोट धरून हसायची. नंतर हसू येईनासं झालं.

मग एक दिवस मालकांनी सांगितलं, "शनिवारी दुपारच्या शोला मी स्वतः येतो. हॉलमध्ये बऱ्यापैकी माणसं दिसली तर दिवाळीपर्यंत चालवू. नाहीतर कुलूप." जागा घ्यायला एक मंगल कार्यालयवाला टपलेलाच होता.

शनिवारी नानांनी नेहमीसारखा दोरा बांधला आणि दारात उभे राहिले. तिकीट खिडकीवर काळं कुत्रं फिरकलं नाही. आणि मग नानांनी जे केलं, ते मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्यांनी गेट सताड उघडं टाकलं, रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागले.

"ओ भाऊ, या ना! फुकट शे. आज तिकीट नही!"

फुकट म्हटल्यावर लोक दोन पावलं मागे सरकायला लागले. एकजण म्हणाला, "आत काय विकायला ठेवलंय?" दुसरा म्हणाला, "नंतर आधार कार्ड मागाल, माहितीय." एक बाई पोराचा हात घट्ट धरून पलीकडच्या कडेनं निघून गेली. बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्यानं नानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अगदी नाना तिकीट न्याहाळायचे तसं, आणि पिशवी सावरून चालता झाला. नाना आत आले तेव्हा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

"अक्का, तू तरी बस," ते म्हणाले.

मी कढई उतरवली, पदराला हात पुसले आणि मधल्या रांगेत जाऊन बसले. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटी. पडद्यावर मारामारी चाललेली. तेवढ्यात बॅटरीचा उजेड थेट माझ्या तोंडावर.

"तिकीट?"

"अहो नाना, मी!"

बॅटरी विझली. ते शेजारच्या खुर्चीत बसले आणि रडायला लागले. एवढा आडमुठा माणूस, असा रडताना बघून माझ्याही डोळ्यांना धार लागली. मालक आले, दारातून आम्हा दोघांना बघितलं आणि आल्या पावली निघून गेले.

टॉकीजला कुलूप लागलं आणि नाना सोनगीरला मुलीकडे राहायला गेले. मालकांकडून किल्ली घेऊन मी माझी कढई आणायला टॉकीजमध्ये गेले, आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन आला. कशी आहेस नाही, कुठे आहेस नाही.

"अक्का, तो दोरा शे का तुटना?"

मी मागच्या दाराकडे बघितलं. दुहेरी दोरा, धूळ बसलेला, जसाच्या तसा. फुकट घुसायलासुद्धा कुणी आलं नव्हतं.

"तुटलाय की हो नाना," मी म्हटलं.

पलीकडून त्यांचा जुना, दारातला आवाज आला. "मी तुले सांगेल व्हतं ना! लोके येतंस अक्का! येतंस!" तिकडे जावयाला हाक मारून त्यालाही सांगितलं.

फोन ठेवला आणि मी आधी तो दोरा तोडून टाकला. नानांचा काय भरवसा! खात्री करायला पहिल्या एसटीनं धुळ्याला यायचे.