एका वेळी एकच ओळ

कर्णिककाका गेल्याचं मला कोर्टाच्या व्हरांड्यात पट्टेवाल्यानं सांगितलं. "मॅडम, ते टायपिस्टकाका गेले काल," एवढं म्हणून तो पुढच्या केसचा पुकारा करायला आत गेला. मी त्या दिवशी उरलेल्या दोन्ही केसेसमध्ये उभी राहिले, पुढच्या तारखा घेतल्या आणि घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसले. रडू आलं नाही. नुसता थकवा आला, आठ वर्षांचा एकदम. मी काकांशी एक खोटं बोलले होते. ते कबूल करायचं आज करू, उद्या करू म्हणत राहिले, आणि आता ज्यांच्यापाशी कबूल करायचं तेच नाहीत...

पनवेलच्या तहसील कचेरीसमोर ताडपत्रीच्या सावलीत काकांचं टेबल असे. आमचं गाव उरणच्या वाटेवर. जमिनीच्या कागदांसाठी बाबांच्या तिथे खेपा चालायच्या. बारावीत असताना मी बाहेरगावच्या एका मोठ्या कायदा कॉलेजची प्रवेशपरीक्षा द्यायचं डोक्यात घेतलं, तेव्हा बाबांनी मला सरळ त्या टेबलापुढे नेऊन उभं केलं. "काका, पोर वकील व्हायचं म्हनते. मराठी शालेतली हाय, विंग्रजी वाचते पन समजत नाय. तुमी जरा बगा." त्या परीक्षेत इंग्रजी उतारे येत आणि त्यांच्यावर प्रश्न. बाकीचं सगळं मी घोकू शकत होते, पण उतारे कसे घोकणार? काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून चारला ये. डिक्शनरी घरी ठेव."

मग वर्षभर रोज चार वाजता मी त्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. इंग्रजी पेपरातल्या अग्रलेखाचं कात्रण समोर, आणि ओळीखाली एक जुनं पोस्टकार्ड, म्हणजे पुढचं काही दिसू नये. एक ओळ समजली की पोस्टकार्ड खाली सरकवायचं. "पुढचं दिसलं की माणूस घाई करतो," असं त्यांचं म्हणणं. कधीकाळी घाईत त्यांच्या हातून सर्व्हे नंबरातला एक आकडा चुकला होता आणि त्यापायी एका म्हाताऱ्याला दोन वर्षं हेलपाटे पडले होते. तेव्हापासून ते प्रत्येक ओळ दोनदा वाचत. परिच्छेद संपला की माझी उलटतपासणी सुरू. हे कोण म्हणतंय? त्याला कसं ठाऊक? त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं? एकदा मिठागरांवरचा उतारा होता. मी ठोकून दिलं की मिठागरात काम करणाऱ्यांच्या पायांना जखमा होतात.

"खरं आहे. पण कागदात कुठंय?"

"माझ्या आत्याचे पाय मी बघितलेत, काका."

"मग आत्याला साक्षीला बोलाव. इथं कागद सोडून कुणी बोलायचं नाही."

मला भयंकर राग आला होता. पण ती गोष्ट डोक्यात अशी बसली की पुन्हा ती चूक माझ्याकडून झाली नाही. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून समोरचं वाचायचं, हे मला शाळेनं नाही, काकांनी शिकवलं.

परीक्षेला मी मुंबईला गेले. पोस्टकार्ड न्यायची सोय नव्हती, म्हणून प्रवेशपत्राची कड ओळीखाली धरली. एकेक ओळ, दोनदा. सोडवलेली उत्तरं बरोबर आहेत याची मला खात्री होती. फक्त घंटा झाली तेव्हा दोन अख्खे उतारे कोरे होते. आजूबाजूची मुलं केव्हाच पेन ठेवून बसली होती. परतीच्या एसटीत मला काकांचा संताप आला, हेही लिहून टाकते. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांच्यासमोर गेले तर संतापाचा मागमूस नव्हता. त्यांनी माझ्यासाठी रिकामं केलेलं स्टूल दिसलं आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, पोटात कळा येत होत्या. पेपर पुराच झाला नाही." वाक्यावाक्याला चार प्रश्न विचारणारा माणूस, पण त्या दिवशी एकही विचारला नाही. "लिंबू सरबत घे," म्हणाले, आणि टायपरायटरकडे वळले.

मी पुढे इथेच शिकले, इथेच वकील झाले. माझ्या हळू वाचण्यावर सहकारी हसतात, पण कागदातली चूक सापडते ती मलाच. हे तरी काकांना सांगायला हवं होतं. रोज कोर्टात जाताना त्यांच्या टेबलासमोरून मी नुसता हात करायचे आणि पुढे सटकायचे. कचेरीसमोर कॉम्प्युटर आले, काकांकडची गर्दी आटली, तरीही माझ्याच्यानं त्यांच्यापाशी पाच मिनिटं बसवलं नाही.

पंधरा दिवसांनी काकूंना भेटायला घरी गेले. बसल्या बसल्या मी सगळं सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, "त्यांना कळलं होतं गं, रंजना. त्याच संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, पोरीच्या पोटात काही दुखत नव्हतं, मीच तिला हळू केलं. जेवले नाहीत. आठवड्यात ते गजराचं घड्याळ घेऊन आले." कपाटावर हिरवं, किल्लीचं घड्याळ होतं. त्यानंतर जी मुलं शिकायला आली, त्यांना काका घरी बसवायचे, घड्याळ लावून. चार ते पावणेपाच. पोस्टकार्ड पुन्हा कुणाच्या हातात दिलं नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांगा तिला. तर म्हणाले, माझ्यासाठी खोटं बोललीय ती. ते मोडायला जाऊ नकोस."

तेव्हा मात्र मला रडू आलं. आठ वर्षं मी त्यांना जपत होते आणि ते मला. दोघांनीही एकमेकांपाशी एक शब्द काढला नव्हता. काकूंनी पाणी आणून दिलं. घड्याळाला त्या अजून रोज किल्ली देतात, गजराचा काटा पावणेपाचवरच आहे. मी पाणी पीत होते आणि ते कर्कश्श वाजायला लागलं. काकूंनी उठून गजर बंद केला, आणि माझ्याकडे पाठ असतानाच, सवयीनं म्हणाल्या, "हं, पेन खाली ठेवा."