इनासच्या डोक्यातलं ग्रंथालय

पालीच्या इनासला समुद्रात लावलेलं जाळं सापडायचं ते किनाऱ्याकडे बघून. देवळाचा क्रूस आणि डोंगरीचा उंच माड एकामागे एक आले, की जाळं तिथंच. बाप एवढं शिकवून गेला होता. पुढे होडी फुटली, पाद्रीबाबांनी शिफारस केली आणि इनास मुंबईत विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिपाई लागला. तिथंही त्यानं तीच विद्या चालवली. भिंतीवरचं घड्याळ आणि तिसऱ्या खिडकीची तडकलेली काच एका रेषेत धरायची, सात पावलं टाकायची, कमरेच्या फळीवर हात घालायचा. कायद्याचं लाल पुस्तक हातात. कुणी नाव घ्यायचा अवकाश, हा हजर. वीस वर्षं असं चाललं. त्याला अक्षर काय नि आकडा काय, दोन्ही कळत नाहीत, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

चव्वेचाळीस सालच्या एका शनिवारी नवे ग्रंथपाल कीर्तनेसाहेब यांनी सगळ्या शिपायांना बोलावलं. विलायतेत शिकून आलेला माणूस, बोलताना डोळे लकाकायचे.

"पुढचं ग्रंथालय कसं असेल, सांगू? अख्खं पान अंगठ्याएवढ्या फोटोत मावेल. वाचक घरी बसेल आणि पुस्तक तारेवरून त्याच्याकडे जाईल. शिपायाला धावायलाच नको!"

बाकीचे हसले. इनास तेवढा हसला नाही.

"ते होईल तेव्हा होईल," साहेब पुढे म्हणाले. "उद्यापासून हमाल येऊन कपाटं हलवतील. पुस्तकांना आकडे चिकटवून झालेच आहेत. सोमवारी प्रत्येकाला एका आकड्याची चिठ्ठी मिळेल, ते पुस्तक आणून दाखवायचं. ज्याला जमणार नाही, त्याला ठेवून मी काय करू?"

घरी मॅबेल बोंबील तळत होती. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "कोन मेला काय तुझ्या हापिसात? तोंड बघ, शिळ्या पापलेटावानी!"

"कपाटं हलवतात गो."

"हलवू दे. तुझ्या बापाची हायत?"

मग त्यानं सगळं सांगितलं. मॅबेलचा झारा हातातच राहिला. "वीस वरसां? आनि गावात सांगत फिरतंस, समदी बुकं माझ्या हाताखाली हायत म्हनून!" बोंबील करपले.

रविवारी देवळात मिसाची प्रार्थना आटोपल्यावर सहावीतल्या लेकीनं, व्हायोलेटनं, कोळशानं भिंतीवर आकडे काढले. दुपारपर्यंत इनासला सगळे पाठ. तिनं कुठंही बोट ठेवावं, यानं सांगावं. सात. तीन. नऊ.

"अगे, माझा मास्तर!" मॅबेल पहिल्यांदा हसली.

व्हायोलेटला मात्र कसलीशी शंका आली. तिनं समोरच्या भिंतीवर तेच आकडे क्रम उलटसुलट करून लिहिले आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

"एक."

"आठ हाय तो, पप्पा. आनि हा?"

"दोन."

तो चार होता. बाप आकड्याकडे बघतच नव्हता. खिळ्यापासून किती, खिडकीपासून किती, हे बघत होता.

"पप्पा, आकडा बघ ना!"

"बघतंय तर!" तो ओरडला, आणि स्वतःच घाबरला. हा आवाज त्याला ठाऊक होता. होडी फुटली त्या दिवशी त्याच्या तोंडून असाच निघाला होता.

सोमवारी त्यानं दालनात पाऊल टाकलं. तिसरी खिडकी कपाटाआड गेली होती. घड्याळ दुसऱ्याच भिंतीवर. चिठ्ठी हातात आली. ती पुस्तकांच्या पाठींना लावून लावून तो एकेक रेघ जुळवत चालला. सगळ्यांचं आटोपलं, तरी हा अजून दुसऱ्या कपाटापाशीच. घामानं चिठ्ठी मऊ पडली. मागं कुणीतरी उभं होतं.

"इनास," कीर्तनेसाहेब हळूच म्हणाले, "चिठ्ठी उलटी धरली आहे."

त्यानं ती फिरवली. मग तशीच साहेबांच्या हातात दिली.

"आकडे येत नाहीत ना?"

"न्हाय, साहेब."

"मग वीस वर्षं कसं केलंत?"

इनासनं खिडकी होती तिकडं हात केला. तिथं आता कपाट होतं.

साहेबांनी चिठ्ठीची घडी घातली. "उद्यापासून दारावर बसा. पगार तोच राहील."

तिसऱ्या दिवशी नेहमीचे वाचक, म्हातारे खरेसर आतून दारापर्यंत आले. "इनास, तो नकाशांचा थोरला ग्रंथ दे रे. मघापासून शोधतोय."

इनास उठला. हात सवयीनं वर गेला आणि हवेतच थांबला. आत अजून कपाटं सरकत होती. फरशीवर लाकूड करकरत होतं.

"आत इचारा, सर."

सर वळले. इनास स्टुलावर बसला आणि खाली पायरीकडे बघत राहिला, म्हणजे येणारा पुढचा माणूस तरी त्याला काही विचारणार नाही.