उकळत्या पाण्यातलं सेफॅलेक्सिन

घरातला पहिलाच म्हणून फार्मसीच्या कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याने लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच, माफ करा. पण आज प्रयोगशाळेत सेफॅलेक्सिन या जंतुनाशक औषधाची बाटली उघडली आणि त्या गंधकासारख्या वासाने जळगावातली भाड्याची खोली आठवली. शेजारी चोपड्याकडच्या एक अक्का राहायच्या, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. भिंतीवर थाप मारून मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी द्यायच्या. त्यांच्या लहान मुलीचा कान फुटला होता आणि तीन दिवस औषध देऊनही ताप उतरत नव्हता. पाहिलं, तर बाटलीतल्या सेफॅलेक्सिनच्या पावडरीत त्यांनी उकळतं पाणी ओतलेलं. "थंडा पाणीघाई पोरले खोकला व्हई ना, शिकेल भाऊ!" थंड पाण्याने पोरीला खोकला होईल म्हणून, असं सांगून त्या हसल्या. त्याच आठवड्यात मी शिकलो होतो की या औषधाचा जीव चार अणूंच्या एका ताणलेल्या कड्यात असतो; उष्णतेने ते कडं उघडलं की जंतूंपुढे त्याचं काही चालत नाही. मी चाचरत म्हणालो, "अक्का, औषध मेलं असेल." त्यांचं हसू गेलं. मी मेडिकलवरून नवी बाटली आणली, पाणी उकळून पूर्ण निववलं, बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरलं. दोनच डोस झाले आणि सासरहून निरोप आला म्हणून, मी कॉलेजात असताना, अक्का मुलीला घेऊन गावी गेल्या. त्यांच्याकडे फोन नव्हता. दोन वर्षं पेपरात ते कडं काढताना माझा हात थबकायचा. परवा चोपड्याच्या बसस्टँडवर एक आबा भेटले, ते अक्कांच्याच गावचे निघाले. मी मुलीचं विचारलं. आबा म्हणाले, "ती पोर? बठ्ठं गाव डोकावर लेस ती!" सगळं गाव डोक्यावर घेते म्हणे.