अंतऱ्यातच थांबवलेलं गाणं

ग्रुपवरच्या मंडळींनो, डोकं फिरलंय माझं. घरी न जाता थेट सायबर कॅफेत शिरलेय.

आज संध्याकाळी खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये करंजा गावच्या दोघी बहिणींचं, रंजना आणि कुंदाचं, गाणं होतं. एसटीतून पेटी मांडीवर घेऊन आल्या होत्या. काय जोडी आहे! एकीनं सूर सोडला की दुसरी अलगद उचलते. एरवी गप्पा मारणारा आमचा हॉल चिडीचूप झाला होता.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे उगवले. चांगले तासभर उशिरा! आमच्या सेक्रेटरींनी गाणं अंतऱ्यातच थांबवलं. का, तर सत्कार! वर त्या दोघींनाच म्हणाले, "तुम्ही स्टेजवर आहातच, तर तबक धरा जरा."

गाणाऱ्या मुली शाल-श्रीफळाचं तबक धरून उभ्या! आणि पाहुणे त्यांच्याच माईकवरून सांगतायत, नवोदित कलाकारांना व्यासपीठ मिळालं पाहिजे.

भाषण एकदाचं संपलं. सेक्रेटरी म्हणाले, "मुलींनो, उशीर झालाय. आता राष्ट्रगीत म्हणा, आटपूया."

रंजना म्हणाली, "आमचं गाणं अर्धं हाय अजून, साहेब."

"पुढच्या वेळी बघू."

दोघींनी राष्ट्रगीत म्हटलं. अगदी सुरात, मन लावून. अख्खा हॉल ताठ उभा. कुणी हललं नाही, कुणी बोललं नाही. पाहुणेसुद्धा नाहीत.

म्हणजे गाणं संपेपर्यंत गप्प थांबता येतं आपल्याला. मग मघाशी काय झालं होतं?