तिसऱ्या खुर्चीचा पत्ता

आमच्या बालाघाटच्या वाचनालयाचा एक जुना नियम होता. नव्या सभासदाच्या पत्त्यावर आम्ही पोस्टकार्ड टाकायचं, त्यानं ते काउंटरवर परत आणून दाखवायचं. म्हणजे माणूस खरंच तिथं राहतो हे सिद्ध! मी तिथली ग्रंथपाल. बारा वर्षं हा नियम डोळे मिटून पाळला.

मग ती पोरगी आली. सतरा-अठराची असेल. लामता गावाकडची, आईसोबत बसस्टँडच्या शेडमध्ये झोपायची. तिला दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची होती आणि परीक्षा महिन्यावर आली होती. पुस्तकं आमच्या कपाटात होती, पण ती फक्त सभासदांना. बाकीच्यांनी पेपर वाचायचे. ती रोज खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर बसायची अन् पेपरच्या आडून कपाटाकडे पाहायची.

शेवटी मीच फॉर्म दिला. तिनं बराच वेळ पेन चावलं आणि पत्ता लिहिला: वाचनालय, खिडकीजवळ, तिसरी खुर्ची.

"अवं, हे काय लिवलं?"

"दिवसभर तं इथंच राहनं होते माह्यं, मॅडम. तिकडं रात्री पोलीस उठवते. त्याले राहनं म्हनते काय?"

गेटवरच्या लाल डब्यात मी कार्ड टाकलं, वाचनालयाकडून वाचनालयाला. डब्यापासून खुर्ची वीस पावलांवर. कार्डाला सहा दिवस लागले. कुठं कुठं हिंडून आलं देव जाणे! इकडं परीक्षा जवळ येत होती आणि मी नुसती चडफडत होते.

सातव्या दिवशी पोस्टमन आला. "मॅडम, आपनेच भेजा, आपकोच आया."

"मला नाही, तिला आलंय. घरीच आहे ती, जाऊन द्या."

बिचारा तिसऱ्या खुर्चीपुढं गेला, घसा खाकरला आणि "पोस्टमन!" असं ओरडला. पेपर वाचणारे सगळे पेन्शनर दचकले. पोरगी उठली, कार्ड घेतलं आणि दहा पावलं चालून काउंटरवर आणून दिलं.

फॉर्म पाहून वाचनालयाचे अध्यक्षसाहेब भडकले. "खुर्चीवर काय कोनी राहते का?"

"काहून नाही?" मी म्हटलं. "तुमी पंधरा वर्षांपासून राहूनच राह्यले ना!"

आता आपली नोकरी गेली, असं मला वाटलं. पण साहेबांनी फॉर्मवर सही केली.

त्या संध्याकाळी सहाला मी दिवे मालवले. पोरीनं गणिताचं पुस्तक खुर्चीवर नीट ठेवलं आणि निघाली.

"अवं, ने ना! याच्यासाठीच तं येवढा तमाशा केला."

"नाही नेत. शेडमधून मागं माह्यं दप्तर चोरलं. घरीच राहू द्या."

मी दार ओढून कुलूप लावलं. ती खाली पायरीवर उभी होती. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. बाई गं, पुस्तक घरात, पोरगी बाहेर, आणि कुलूप लावणारी मी! मला स्वतःचीच लाज वाटली.

"उद्या दहालेच उघडता ना, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "पहाटे पाचले येईन. तुह्या घरी."